घुरघुर चालू आहे तोवर

एके काळी अवसरी बुद्रुकच्या शिवारात मेंढरू आजारी पडलं की मालक आधी बहिरूला बोलवायचा आणि मग देवाला. बहिरू यायचा, तंबाखू मळत मळत जनावराभोवती एक फेरी मारायचा, खाली बसायचा आणि मेंढराच्या डाव्या कुशीला कान लावायचा. आत पोट गुडगुडत असलं, तोंडात रवंथ चालू असला, की धोतर झटकून उठायचा. "रवंथ चालू हाय तवर डाक्टर न्हाई," एवढंच बोलायचा आणि चहा पिऊन चालता व्हायचा. चाळीस वर्षांत हा नियम फार वेळा चुकला नव्हता. पण माणसाला एक किल्ली सापडली की तो ती गावातल्या सगळ्या कुलपांना लावून बघतो, आणि बहिरूही माणूसच होता.

आता मेंढरं राहिली नव्हती. उसात बिबटे वाढले, एका हिवाळ्यात अकरा मेंढरं आणि राखणीचं कुत्रं त्यांनी नेलं, त्यातच बहिरूचे गुडघे बोलायला लागले. उरलेली मेंढरं विकून टाकली. दीड एकराचा तुकडा शेजारच्या लंकाबाईच्या घरानं वाट्यानं करायला घेतला. बायको तुकाबाई तीन वर्षांपूर्वी गेली. एकुलता मुलगा सूरज चाकणला कंपनीत, त्याची बायको आरती त्याच्याजवळ. मळ्यातल्या दोन खोल्यांत बहिरू एकटा. खोल्यांच्या मागे लंकाबाईची कांद्याची बराख होती, म्हणजे जाळीच्या भिंतींची लांबलचक कोठी, वारा लागून कांदा टिकावा म्हणून केलेली. त्या बराखीत उंदीर होते, म्हणून तिथं एक बोका आला, आणि बोक्याला दूध आवडतं म्हणून तो बहिरूच्या घरात आला.

मांजर वाघाची मावशी, तर हा मावसा, म्हणून बहिरूनं त्याचं नाव मावसा ठेवलं. लंकाबाई हसून हसून बेजार झाली होती. "आबा, बिबट्यानं तुमची मेंढरं खाल्ली, अन् तुमी त्याच्याच पावण्याला दूध पाजताय व्हय?" पण बहिरूला त्याचं काही नव्हतं. घरात दिवसभरात त्याच्या स्वतःच्या खोकल्याशिवाय दुसरा आवाज व्हायचा तो मावशाचा. सकाळी चुलीपाशी, दुपारी बाजेवर, संध्याकाळी मांडीवर, मावसा घुरघुरत असायचा. बहिरू त्याच्याशी बोलायचा. कांद्याचा भाव, गुडघा, तुकाबाई कशी भाकरी थापायची, सगळं त्याला सांगून झालं होतं. ऐकून घेणारं कुणी तरी आहे एवढ्यानंच त्याचा दिवस मावळायचा.

दुसरा आवाज फोनचा. रोज साडेसातला सूरजचा फोन यायचा.

"आबा, जेवला का?"

"जेवलो. तू?"

"जेवलो. तब्येत?"

"मला काय धाड भरलीय! तुझं कसं चाललंय?"

"मजेत."

"आरती?"

"दुकानात गेलीय."

"बरं, ठेवू?"

"ठेवा."

मारुतीस्तोत्र पाठ असावं तसं हे दोघांना पाठ झालं होतं. कधी आरती दुकानात असायची, कधी अंघोळीला, कधी डोकं दुखतं म्हणून पडलेली. फोन ठेवला की बहिरूला बरं वाटायचं. पोरगं मजेत आहे, आपण मजेत आहोत, आणखी काय पाहिजे?

सोमवारी दुपारी मावसा चुलीच्या राखेच्या ढिगावर जाऊन बसला. उकरलं, बसला, कण्हला, उठला. परत दुसरीकडे उकरलं, परत बसला. राख कोरडीच. बहिरू दारातनं बघत होता. "कोठा साफ न्हाई गड्या तुझा," तो म्हणाला. उपायही त्याच्याकडे तयार होता. कोकराला पाजायचा तसा गालात बोट घालून बाजूनं चमचाभर एरंडेल मावशाच्या तोंडात सोडलं. कोकरू ओरबाडत नाही, मावशानं ओरबाडलं. मनगटावर तीन रेघा उठल्या. बहिरूनं त्यावर हळद दाबली आणि रागावला नाही.

संध्याकाळी मावसा नेहमीसारखा मांडीवर आला. जरा कुबड काढून बसला होता, पण बसला. बहिरूनं वाकून त्याच्या कुशीला कान लावला. आत घुरघुर चालली होती, जात्यासारखी, न थांबता.

"हाय की रवंथ चालू," बहिरू म्हणाला. "घुरघुर हाय तवर डाक्टर न्हाई." आणि निवांत झोपला.

मंगळवारी लंकाबाई बराखीतले नासके कांदे निवडायला आली. तासाभरानं पदराला हात पुसत ती दारात येऊन उभी राहिली. "आबा, तुमचा मावसा सकाळधरनं पाचदा राखंत जाऊन बसला. पडत तर काय न्हाई. अन् मधीच कसा वरडतोय, ऐकलं का?"

"एरंडेल दिलंय. सुटंल."

"पोटाचं नव्हं ते. मला मुताचं वाटतंय. मंचरला न्या त्याला. माझ्या बहिणीच्या घरी असंच झालं व्हतं एका बोक्याला."

"लंकाबाई, चाळीस वरसं जनावरं राखली मी."

"मेंढरं राखली. मांजर म्हंजी मेंढरू न्हाई, आबा."

हे बहिरूला झोंबलं. ज्या हातांनी शेकडो जनावरं वाचवली त्यांना एका बाईनं बोक्यावरून शिकवावं! आणि खरं सांगायचं तर नुसता राग नव्हता, लाजही होती. मेंढरासाठी डॉक्टर न बोलावणारा बहिरू मांजर काखेत घालून मंचरच्या दवाखान्यात गेला, हे फाट्यावरच्या हॉटेलात कळलं असतं तर वर्षभर लोकांना दुसरा विषय लागला नसता. "बघू उद्या," तो म्हणाला आणि तंबाखूची डबी उघडली. लंकाबाई मान हलवत कांद्यांकडे गेली.

दुपारी मावशानं दूध हुंगून तोंड फिरवलं. बहिरूनं सुकट भाजली. सुकटीच्या वासावर हा बोका बराखीच्या छपरावरून उडी मारायचा, पण आज त्यानं डोळेही उघडले नाहीत. मग पिवळं पाणी ओकला. बहिरूच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं लगेच मावशाला जवळ घेतलं आणि कान लावला. घुरघुर होती. उलट कालच्यापेक्षा जोरात होती. आजारी जनावर इतकं जोरात घुरघुरेल का? नाहीच. बहिरूनं स्वतःला समजावलं, आणि माणूस स्वतःला समजवायला बसला की त्याला फार वेळ लागत नाही.

साडेसातला फोन आला. जेवला का, जेवलो, तब्येत, धाड भरलीय का मला, मजेत, आरती कपडे वाळत घालतीय, ठेवू का, ठेवा. मांजराचं तो काहीच बोलला नाही. चाकणहून पोरगं करणार काय, आणि उगाच त्याच्या जिवाला घोर.

बुधवारी सकाळी बाजेवर मावसा नव्हता. चुलीपाशी नव्हता, राखेत नव्हता. बहिरूनं हाका मारल्या, गुडघा धरत धरत घराला एक वेढा घातला. शेवटी बराखीच्या मागे, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीत, भिंतीच्या अगदी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला सापडला. पाठ जगाकडे केलेली. आणि घुरघुर चालूच. चार पावलांवरून ऐकू येत होती.

बहिरूला क्षणभर आनंद झाला. मग त्या पाठीकडे त्याचं नीट लक्ष गेलं आणि आनंद जागीच मेला.

कारण बापानं त्याला पोरवयात शिकवलेला पहिला धडा रवंथाचा नव्हता. पहिला धडा होता, कळप सोडून कोपऱ्यात तोंड घालणारं जनावर दोन दिवसांचं पावणं असतं. घुरघुर म्हणत होती की काही झालेलं नाही, आणि पाठ म्हणत होती की सगळं संपत आलंय. दोन्ही धडे एकाच जनावरात समोर बसलेले बहिरूनं आजवर कधी पाहिले नव्हते.

पाहिले होते. एकदा पाहिले होते, पण ते जनावर नव्हतं.

तुकाबाई गेली त्या वर्षी तिनं आपली वाकळ उचलून पडवीत नेली होती. आत उकडतंय म्हणाली. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि ओव्या गुणगुणायची, बारीक आवाजात, सकाळ-संध्याकाळ. "पोटात कळ मारती का?" बहिरूनं एकदा विचारलं होतं. "जरा हाय. जाईल," ती म्हणाली होती आणि पुन्हा गुणगुणायला लागली होती. बहिरू आत बसून चहा पीत ती ओवी ऐकायचा आणि मनात म्हणायचा, गातीय म्हंजी बरी हाय. तिसऱ्या दिवशी तिला उचलून नेलं तेव्हा पोटातलं फुटून गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस थांबलात कसे? बहिरू म्हणाला होता, "गात व्हती की वो." हे उत्तर त्यानं नंतर कुणालाच सांगितलं नाही, सूरजलाही नाही. फक्त मावशाला सांगितलं होतं, एकदा.

बहिरू आता थांबला नाही. खुंटीवरची घोंगडी काढली. हिंडताना वाटेत मेंढी व्याली की नवं कोकरू घोंगडीच्या खोळीत घालून छातीशी बांधायचं, तशी खोळ केली. मावशाला उचलताना पोटाला हात लागला, ते दगडासारखं टणक होतं. मावसा किंचाळला, बहिरूच्या अंगठ्यात दात रुतवले आणि पुन्हा घुरघुरायला लागला.

"चल गड्या," बहिरू म्हणाला. "माझी चूक झाली."

फाट्यावर दादाभाऊ पिकअपमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या भरून मंचरला निघाला होता. खोळीतनं दोन कान वर आलेले बघून त्यानं डोळे मोठे केले. "आबा, ह्ये काय? बोक्याला दवाखाना? जमाना बदलला राव! आता त्याला शाळंतबी घाला."

"दादाभाऊ, गाडी पळव. नंतर काय हसायचं ते हस."

बहिरूचा आवाज ऐकून दादाभाऊनं पुढचा विनोद गिळला आणि गाडी खरंच पळवली. मंचरच्या तोंडाशी ट्रकांची रांग लागली होती. हॉर्न, धूर, उसाच्या ट्रॉल्या. बहिरू खोळीवर हात ठेवून बसला होता. तळव्याखाली ती घुरघुर येत होती. दोन दिवस तिच्या जिवावर तो निवांत झोपला होता. आता ती चालू राहिली तरी भीती वाटत होती आणि बंद पडली तरी.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होती. तिनं मावशाचं पोट एकदाच हलक्या हातानं चाचपलं आणि मदतनिसाला हाक मारली. "लघवी कधीपासून नाही झाली?"

"सोमवारपासनं बसतोय राखंत. मला वाटलं कोठा. एरंडेल दिलं."

"मूत्रमार्ग बंद झालाय, बाबा. खडे अडकलेत. सोमवारीच का नाही आणलं?"

बहिरूनं घोंगडीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "घुरघुरत व्हता की वो."

डॉक्टरबाईला रागवायचं होतं बहुतेक, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिनं राग आवरला. "मांजर सुखात घुरघुरतं, तसंच दुखत असलं तरी घुरघुरतं. जीव कासावीस झाला की तेच करतं, स्वतःला धीर द्यायला. घुरघुरीवर जायचं नाही."

"मग दुखतंय ह्ये कळायचं कसं माणसानं?"

"रोज काय करतो आणि आज काय करत नाही, ते बघायचं. खात नाही, लपून बसतो, उडी मारत नाही. आणि बोका लघवीला बसतोय पण होत नाही, असं दिसलं की वाट बघायचीच नाही. त्याच दिवशी आणायचं, त्याच तासाला." ती हातमोजे चढवू लागली. "नळी घालून मोकळं करते. पण विष अंगात चढलंय. आजची रात्र काढली तर वाचेल म्हणायचं. तुम्ही घरी जा, सकाळी या."

"मी बसतो की हितंच."

"बसून काय करणार, बाबा? जा."

घोंगडी रिकामी घेऊन बहिरू एसटीनं परत आला. घराचं कुलूप काढलं. चुलीपाशी कालची सुकट तशीच होती. त्यानं ती उचलून बाहेर टाकली, मग बाजेवर बसला आणि बराच वेळ बसूनच राहिला. लंकाबाई येऊन विचारून गेली. "ठिवून घेतलंय," तो म्हणाला, "तुझंच खरं निघालं, बाई." तिनं वाटीभर आमटी ठेवली आणि गेली. आमटी निवून गेली. सांगायला कुणीच नव्हतं, आणि आजच तर सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं. मेंढरं गेली तेव्हा, तुकाबाई गेली तेव्हाही बहिरूनं जे स्वतःशी कबूल केलं नव्हतं, ते आज केलं. त्याला एकट्यानं राहवत नव्हतं.

साडेसातला फोन वाजला.

"आबा, जेवला का?"

"न्हाई."

पलीकडे सूरज पुढचं वाक्य बोलायच्या बेतात होता. ते तसंच राहिलं. "का? तब्येत...?"

धाड भरलीय का, हे शब्द बहिरूच्या जिभेवर येऊन उभे होते. तीन वर्षं तो ते बोलत होता. त्यानं ते परत आत ढकलले. "बरं न्हाई रं, सूरज. आजार काय न्हाई. मावसा आजारी हाय, मंचरला ठिवलाय. पर त्याच्या आधीपासनंच बरं न्हाई मला. घरात कुणी न्हाई. मी तुला रोज खोटं सांगतो."

बहिरू ऐकत राहिला. आणि आज पहिल्यांदाच त्यानं त्या बाजूचं घर ऐकलं. टीव्ही नव्हता. कुकरची शिट्टी नव्हती. भांडं वाजत नव्हतं. पूर्वी आरती मध्येच फोन ओढून घ्यायची, "आबा, भाकरी करपली का फुगली आज?" असं विचारून हसायची. ते हसू ऐकून किती दिवस झाले? रोज काय होतं आणि आता काय होत नाही, ते बघायचं म्हणाली होती डॉक्टरीण.

"सूरज, आरती कुठंय?"

"दुका..." सूरज बोलायला लागला आणि अडकला. "माहेरी गेलीय, आबा. दोन महिने झाले. भांडण झालं. माझंच चुकलं व्हतं."

"अन् तू मजेत व्हतास व्हय रं?"

"तुमी बरे व्हता. म्हणलं कशाला तुमच्या जिवाला घोर..." पुढचं त्याला बोलता आलं नाही. एवढा थोराड माणूस फोनवर रडत होता आणि बहिरू फोन कानाला गच्च दाबून धरत होता, सैल धरला तर पोरगं हातातनं निसटेल म्हणून.

"जेवलास का?"

"न्हाई."

"काल?"

"वडापाव खाल्ला."

"सकाळच्या पहिल्या गाडीनं ये."

"रविवारी येतो, आबा. सुट्टी न्हाई मिळायची..."

"रविवारी न्हाई, सकाळी. असल्यात वाट बघायची नसती." बहिरूनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. "मंचरला उतर, मी तिथंच असंन, दवाखान्याच्या दारात. मावसा जगला असंल तर दोघं मिळून घरी आणू. नसंल तर... नसंल तर माझ्या एकट्याच्यानं ते व्हायचं न्हाई रं पोरा."

"येतो," सूरज म्हणाला. "जेवून घ्या, आबा."

"तूबी काय तरी खा."

फोन ठेवून बहिरूनं लंकाबाईची आमटी चुलीवर ठेवली आणि खाली जाळ केला.